दोघांशिवाय सुरू न होणारी गाडी

मधुभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. फोन सुरेशनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, घेतला. नुसतं "अच्छा... अच्छा..." म्हणाले आणि अनवाणीच निघाले. त्यांचे हे जिवलग मित्र आमच्याच कॉलनीत, मागच्या गल्लीत राहत. मी गॅस बंद केला, कणीक झाकली, सुरेशच्या चपला पिशवीत टाकल्या, थर्मासमध्ये चहा भरला आणि मागोमाग गेले. घरात बायका मधुभाऊजींच्या पत्नीला, कुसुमताईंना, धरून बसल्या होत्या. सुरेश आत नव्हतेच. अंगणात मधुभाऊजींच्या त्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या मनात आलं... आजही इथंच.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. मधुभाऊजींविषयी दुसरं काही लिहिण्यासारखं नाहीच. उमदा, हसरा, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा माणूस. फक्त मला त्यांचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

कारण ती गाडी. दोघे एकाच कारखान्यात. मधुभाऊजी फिटर, सुरेश स्टोअरमध्ये. लिलावात निघालेल्या जुन्या लष्करी जीपचा सांगाडा मधुभाऊजींनी कबाड्याकडून भंगारात उचलला. इंजिन सिहोरा गावच्या एका शेतातल्या विहिरीवरचं, पाणी उपसून दमलेलं. मागचा बाक शाळेच्या बसचा, हॉर्न कुल्फीवाल्याच्या गाडीचा, आणि छत म्हणून दुकानाच्या पाटीचा पत्रा. त्यावर साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचा अर्धाच चेहरा होता. धुराची नळी पुढून वर येऊन सोंडेसारखी वाकलेली, म्हणून कॉलनीतली पोरं तिला 'हाथी' म्हणत. हे सगळं जोडायला कितीतरी रविवार गेले. ते रविवार माझे होते. मी शनिवारी रात्री कामांची यादी करून फ्रिजवर लावायची: पंखे पुसणे, नळाचा वायसर, माळ्यावरचे डबे. सुरेश यादी वाचायचे, मान हलवायचे आणि 'आलोच' म्हणून जायचे. परत यायचे ते दुपार टळल्यावर, काळ्या हातांनी, आणि घरात कधी हसत नाहीत तसं हसत.

आमच्या दारात नवी पांढरी कार होती, वेळेवर सर्व्हिसिंग केलेली. ती कधी कुणी मागितली नाही. हाथीला मात्र उसंत नसे. कुणाचं कपाट, कुणाच्या लग्नाची भांडी, गणपती विसर्जनाला नदीवर ग्वारीघाटला न्यायचा तर हाथीच हवा. माणसं कारमधून उतरून हाथीच्या बाकावर चढून बसायची. एकदा बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आमचा फ्रिज त्यात आला. शेजारी बघायला बाहेर आले; हाथीला, फ्रिजला नाही.

हाथीची एक खोड होती. विहिरीवरच्या तसल्या इंजिनाच्या डोक्यावर एक खटका असतो. तो उचलून धरला की हँडल हलकं फिरतं, आणि वेग आल्यावर नेमका सोडला की इंजिन पेट घेतं. शेतात एकटा माणूस हे दोन्ही करतो. पण मधुभाऊजींनी इंजिन असं बसवलं होतं की हँडल पुढे, बॉनेटबाहेर, आणि खटका ड्रायव्हरच्या सीटपाशी. म्हणजे सुरू करायला माणसं दोन. मधुभाऊजी आत बसून खटका धरायचे, सुरेश पुढे हँडल फिरवायचे. मधुभाऊजींना कुठेही जायचं असलं की आमच्या दाराशी हाक आलीच.

मी वैतागून एकदा नीट पाहिलं. स्कूटरच्या ब्रेकची एक लांब तार खटक्याला बांधून पुढे आणली, तर हँडल फिरवणाऱ्यालाच ती सोडता येईल, इतकं सोपं होतं. मी तार विकत आणली आणि मधुभाऊजींच्या हातात ठेवली. ते खूश झाले. "वहिनी, डोकं हाय तुमचं," म्हणाले. पुढच्या रविवारी बघते, तर ती तार मागच्या फळीच्या कडीला लावलेली! मी विचारलं, हे काय?

"कडी निसटत होती ना वहिनी."

"आणि खटका?"

ते सुरेशकडे बघून हसले. "एकट्यानं सुरू झाली तं हा काहून येईल?"

सुरेशही हसले. मीही हसले असेन. घरी येताना मनात एकच... मला कधी कुणाला असं अडवून ठेवता आलं नाही. माझं सगळं काम एकटीनं होतं.

तेरावं झालं. पुढच्या रविवारी सुरेश घरी होते. यादी सकाळीच संपवली. पंखे, नळ, डबे, सगळं. मग खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. इतकी वर्षं मागितलेला रविवार मला मिळाला होता, आणि तो मला बघवेना. तेवढ्यात कुसुमताईंचा निरोप आला: कबाडी येऊन गाडीचं विचारून राहिला, काय करू? मी सुरेशना म्हटलं, चला.

मी ड्रायव्हरच्या सीटवर चढले. गादीत मधुभाऊजींच्या बैठकीचा खड्डा होता, मी त्यात एकीकडे कलले. काचेतून पाहिलं, तर समोर सुरेशचा चेहरा, हँडलवर वाकलेला, लालबुंद, माझ्याकडे टक लावून. इशाऱ्याची वाट बघणारा. दर रविवारी मधुभाऊजींना हा चेहरा दिसत होता तर. इतक्या वर्षांच्या संसारात मला तो कधी दिसला नव्हता.

पहिल्यांदा खटका लवकर सुटला, मग उशिरा. मग इंजिन धडधडलं. सुरेश सरळ झाले, बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "चल मधू..." आणि थांबले. मी कुल्फीवाल्याचा हॉर्न वाजवला.

हाथी आता आमच्या दारात आहे. परवा सुरेश म्हणाले, मागची तार काढून खटक्याला लावतो, तुला दर वेळी चढायला नको. मी म्हटलं, तार कडीलाच राहू द्या, फळी निसटते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाना खाली ठेवला.

रविवारी मी घरातली उशी घेऊन जाते आणि त्या खड्ड्यात ठेवून बसते. फेरी झाली की सुरेश ती उशी काढून खड्डा मोकळा करतात, उशी झटकतात आणि माझ्या हातात देतात.