न भरणारी टाकी

सहादू पगारे यांनी गोरक्ष भोरांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांची खात्रीच पटली की घोटीचा आख्खा बाजार उठून आपल्या शेजारी राहायला आला आहे. टेम्पोतून आधी तांदळाच्या गोण्या उतरल्या, गोण्यांमागून आणखी गोण्या, आणि मग एक लोखंडी पलंग स्वतःच्या पायांनी चालत गेटपर्यंत आला. पलंगाच्या आतून आवाज फुटला, "राम राम! शेजारी का?" आवाज असा की नाशिक रोड स्टेशनवर उभ्या लोकांनी गाडी आली समजून पिशव्या उचलल्या असतील. सहादूंनी उत्तरादाखल 'जय भीम' म्हटलं, ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. मग पलंग बाजूला झाला आणि आतून जेमतेम पाच फुटांचा, धोतर-सदऱ्यातला, घामाने निथळणारा माणूस निघाला. एवढ्याशा माणसात एवढा आवाज कुठे ठेवत असतील, या विचारानेच सहादू थकले.

तसे ते कशानेही थकत. नोटा छापायच्या प्रेसमध्ये नोकरी केलेला माणूस. रोज आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. डब्यात पोळीखाली काय आहे हेसुद्धा सरकारला दाखवून झालेलं. निवृत्त झाल्यावर त्यांची एकच इच्छा उरली होती, की आता आपल्याला कोणी काही विचारू नये. रेल्वेलाईनच्या पलीकडच्या कॉलनीत त्यांनी रो-हाऊस घेतलं तेही जिना चढायला नको म्हणून. वरच्या मजल्यावरच्या खोलीत काय आहे हे त्यांना बायकोकडून, विठाबाईंकडून ऐकूनच माहीत होतं.

दिवसात एकच गोष्ट अशी होती की जिने ते थकत नसत. दोन्ही घरांच्या मधल्या, छातीएवढ्या भिंतीवर संध्याकाळी चहाचे दोन कप ठेवले जात. अलीकडे सहादू, पलीकडे गोरक्षभाऊ. गोरक्षभाऊ भाताचे भाव, घोटीचा पाऊस, सुनेचा स्वयंपाक आणि मुंबई-आग्रा हायवे यांबद्दल बोलत. सहादू "हं" म्हणत. अठरा वर्षं हा संवाद न थांबता चालला होता. विठाबाई म्हणायच्या, "माझ्याशी लग्न करून चाळीस वर्षं झाली, मला एवढे 'हं' मिळाले नाहीत."

भिंतीला लागून गोरक्षभाऊंच्या बाजूला एक पपई होती. ती पपई नव्हे, कल्पवृक्षच. बाराही महिने लगडलेली. गोरक्षभाऊंच्या बायको कुसाबाई सगळ्या कॉलनीत फळं वाटायच्या आणि म्हणायच्या, "घोटीची माती आणलीय आम्ही गोणीतून. त्याचा गुण." आणखी एक अभिमानाचा विषय होता संडासाची टाकी. या कॉलनीत ड्रेनेजची लाईन अजून पोचलेली नव्हती. ज्याची त्याची टाकी ज्याच्या त्याच्या अंगणाखाली. लोकांना दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलवून ती उपसावी लागे. पण काही माणसं जशी "आयुष्यात कधी डॉक्टर पाहिला नाही" असं छाती काढून सांगतात, तसे गोरक्षभाऊ सांगत, "आपली टाकी एकदाबी भरली नाय." त्यावर सहादू वर्षातलं आपलं एकमेव पूर्ण वाक्य बोलत, "आमचीही नाही."

यंदा होळीनंतर वास सुरू झाला. आधी कुसाबाईंनी गटारीला दोष दिला, मग मांजरीला, मग सुनेला. शेवटी पपईच्या बुंध्याशी, भिंतीच्या तळातून काळं पाणी पाझरताना दिसलं. पाणी भिंतीच्या पलीकडून, म्हणजे पगाऱ्यांकडून येत होतं हे उघडच होतं. गोरक्षभाऊ चार संध्याकाळी चहा घेता घेता त्या विषयाभोवती फिरले, पण तोंड काही उघडेना. हायवेबद्दल बोलणं सोपं असतं. मग त्यांच्या मुलाने, सोमनाथने, मोबाईलवर तक्रार करण्यात ज्याचा हात कोणी धरत नव्हता, महापालिकेकडे तक्रार टाकून दिली.

नोटीस सहादूंच्या नावाने आली. टाकी ज्याच्या आवारात, ती राखायची जबाबदारी त्याची. गळती शेजाऱ्याच्या हद्दीत जात असेल तर तातडीने उपसा, दुरुस्त करा, नाहीतर दंड. सहादूंनी पुण्याला मुलाला, अश्विनला फोन लावला.

"बाबा, यात वाद नाही. घरमालकाचीच जबाबदारी असते. बिल्डरने कशी का बांधली असेना."

"हं."

"आणि भोरकाकांच्या विहिरी-बोअरला काही झालं तर ते नुकसानभरपाईही मागू शकतात."

"भोर मागणार नाहीत."

"त्यांनीच तर तक्रार केली ना?"

सहादूंनी फोन ठेवला. त्या संध्याकाळी भिंतीवर एकच कप होता. सोमनाथला लाज वाटली नव्हती, बापाला वाटत होती. पण लाजलेला माणूस लांबून रागावल्यासारखाच दिसतो. गोरक्षभाऊ दारामागून कप पाहत राहिले आणि सहादू चहा गार होईपर्यंत उभे राहिले. एवढं उभं राहायची त्यांना सवय नव्हती.

मैला उपसणारी गाडी घेऊन भिका आला. त्याने अंगण पाहिलं आणि विचारलं, "झाकण कुठंय, काका?"

झाकण कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. मुलीच्या, अंजलीच्या लग्नात विठाबाईंनी सगळ्या अंगणाला लाल-पांढरी फरशी बसवून घेतली होती. मांडव छान दिसला होता. झाकण तेव्हाच फरशीखाली गेलं असणार.

"फरशी फोडायची?" विठाबाईंनी जावयाचा अपमान व्हावा तसं विचारलं.

"मावशी, एक कोपरा फोडतो. पाईप नाय पोचला तर आत माणूस उतरवू. आहे एक ओळखीचा, अर्ध्या तासात—"

"माणूस उतरणार नाही."

भिका वळला. विठाबाई वळल्या. पलीकडे कुसाबाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या. सहादूंचा आवाज गल्लीत पहिल्यांदाच ऐकू आला होता.

"काका, सगळेच—"

"सगळी फरशी फोड. पाहिजे तर घर फोड. माणूस उतरणार नाही." कायदाही तेच सांगतो, पण सहादूंनी ते वाक्य कायद्यातून घेतलं नव्हतं. ते खुर्चीवर बसले.

फरशी फुटत गेली. टाकीचा स्लॅब सापडला, पण त्याची कड काही सापडेना. तो भिंतीकडे सरकत गेला, भिंतीपाशी पोचला आणि सरळ भिंतीखाली गेला. भिका डोकं खाजवत उभा राहिला.

तेवढ्यात पाहणीसाठी महापालिकेच्या तेजस्विनी मॅडम आल्या. तक्रारदार म्हणून आधी भोरांकडे गेल्या. कुसाबाईंनी नेहमीप्रमाणे बशीत पपई कापून दिली. मॅडमनी एक फोड खाल्ली, "फारच गोड आहे हो," म्हणाल्या आणि भिंत पाहू लागल्या.

"आणि तुमची टाकी कुठे आहे?"

"इथंच आसंल कुठं," गोरक्षभाऊ म्हणाले.

"शेवटची कधी उपसली?"

गोरक्षभाऊंची छाती सवयीने फुगली. "आपली एकदाबी भरली नाय मॅडम. अठरा वर्षांत."

भिंतीपलीकडून भिकाने मान वर काढली. खुर्चीतून सहादू हळूहळू उठले. टाकीतली हवा जाण्याचा एकच उंच पाईप भिंतीला लागून उभा होता. त्याला भोरांची कपडे वाळवायची दोरी बांधलेली होती आणि पगाऱ्यांची केबल गुंडाळलेली होती. दोघांनाही तो दुसऱ्याचा वाटत आला होता. मॅडमनी पाईपाकडे पाहिलं, पपईकडे पाहिलं आणि बशी हळूच कठड्यावर ठेवली.

भिंतीचा तो तुकडा पाडला. खाली एकच टाकी होती, मधोमध, आणि तिच्यात दोन पाईप येऊन पडत होते. एक पगाऱ्यांच्या घरातून, एक भोरांच्या. झाकणावर बिल्डरने भिंत बांधून ठेवली होती.

"नोटीस दोघांच्या नावे करावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "जबाबदारी दोन्ही घरमालकांची."

गोरक्षभाऊ पडलेल्या विटांवरून सहादूंच्या अंगणात आले. आवाज इतका खाली गेला होता की विठाबाईंना कान पुढे करावा लागला. "म्हंजी सहादूभाऊ, ह्यात आमचंबी हायच की."

"हं," सहादू म्हणाले.

"म्या यायला पायजे होतं त्या दिवशी. पोरानं तक्रार केली आन् मला तोंड दाखववंना."

"चहा ठेवलाय."

त्या संध्याकाळी मध्ये भिंत नव्हती. दोन खुर्च्या समोरासमोर लागल्या, नाकाला रुमाल लावून चहा झाला, आणि गोरक्षभाऊ हायवेबद्दल अंधार पडेपर्यंत बोलले. सहादू एकदाही थकले नाहीत. पपईचा विषय कोणी काढला नाही.

मग जबाबदारीने सगळं झालं. दोन घरांना दोन टाक्या बांधल्या. सोमनाथने पुन्हा भानगड नको म्हणून नवी भिंत पक्क्या पायावर उभी केली. भिंत सात फुटांची आहे. तिच्यावर कप ठेवता येत नाही. पपई मे महिन्यात वाळली.