निळ्या पडद्याआडचा हात

आज जवस भाजताना खमंग वास सुटला आणि मुंबईतली ती खोली आठवली.

शीतलची नर्सच्या नोकरीसाठी मुलाखत होती, म्हणून आम्ही मायलेकी वरकुट्याहून आदल्या दिवशीच जाऊन बायकांच्या स्वस्तातल्या डॉर्मिटरीत उतरलो. दोन-दोन एकावर एक अशा आठ खाटा आणि प्रत्येकीला निळा पडदा ओढलेला. कुठून खोकला यायचा, कुठून बांगडी वाजायची. आत कोण असेल, हेच माझ्या मनात सारखे येत होते. नोकरी लागली तर माझ्या लेकीला अशाच बायकांत एकटीने राहायचे होते.

संध्याकाळी बांधून आणलेल्या भाकरी-चटणीचे फडके सोडले. पण चार माणसे असताना न विचारता खायचे कसे?

"आई, हितं कुणी कुणाला इचारत न्हाय. जेव गुमान," शीतल कुजबुजली.

मला अनोळखी माणसाशी बोलायची लाज वाटते. तरी पुटपुटले, "या बायांनो, भाकर खायला."

माझा घास हातातच राहिला. मग समोरच्या पडद्यातून एक हात आला, नखांचा लाल रंग अर्धा उडालेला.

"मावशी, जवसाची चटणी न्हवं? वासानं झोप उडवली की!"

मी चतकोर भाकरीवर चटणी घालून त्या हातावर ठेवली. हात आत गेला आणि दोन चिकू घेऊन परत आला. "पोरीला द्या. हितंच ऱ्हायली तर मी हाय."

शीतल आता सांगते, दमलेल्या बाईला त्या पडद्याआडची तेवढीच जागा आपली खोली असते. तेव्हा मला ते कळले नव्हते. सकाळी निघालो तेव्हाही समोरचा पडदा ओढलेलाच होता. नोकरी लागली आणि मी लेकीला मुंबईत ठेवले, ते चेहरा न पाहिलेल्या त्या बाईच्या भरवशावर.