तेराव्याचे बूट

बाबांच्या पायांची मला किळस यायची. हे वाक्य मी आजवर कुणापाशी बोललो नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. टाचांना खोल भेगा, त्या भेगांत कायमचं बसलेलं काळं, अंगठ्याचं नख पिवळं, जाड, शिंगासारखं वळलेलं. सकाळी ते बाल्कनीत बसून दगडाने टाचा घासायचे. पांढरा भुगा फरशीवर पडायचा आणि आई तो ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. मी चहाचा कप उचलून आत जायचो. कुणी विचारलंच तर म्हणायचो, बाहेर ऊन लागतं.

बाबांची सगळी नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात गेली, मशीनसमोर उभं राहून. खाली सिमेंटची फरशी, पायात लोखंडी टोपीचे कडक बूट. रिटायर झाले, आम्ही बदलापूरला शिरगावात फ्लॅट घेतला, आणि मग त्यांच्या टाचांच्या दुखण्याने उचल खाल्ली. पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावलं ते भिंतीला धरून टाकायचे. डॉक्टर म्हणाले, मऊ तळाचे बूट वापरा, पळायला घालतात तसले. बाबांना हसू आलं होतं, या वयात कुठे पळू म्हणून. पण डोक्यातून ते गेलं नाही.

खालच्या मजल्यावर बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ राहतात. ते तसले बूट घालून सकाळी फिरायला जातात आणि आल्यावर दाराबाहेर काढून ठेवतात. एकदा मी ऑफिसला निघालो होतो, तर जिन्यात बाबा. त्यांच्या हातात त्या गृहस्थांचा बूट, आणि ते त्याचा तळ अंगठ्याने दाबून बघत होते. दुसऱ्याच्या पायातला बूट, तोही हातात धरून. मला बघून त्यांनी तो अगदी होता तसा ठेवला.

"गादीच आहे रे आत," ते म्हणाले. "आपण उल्हासनगरला जाऊन बघू या का एकदा?"

मी म्हणालो, बघू.

ते बघू फार लांबलं. कधी ऑफिस आडवं आलं, कधी लग्नसराईची गर्दी, कधी पाऊस. पैशांची अडचण नव्हती. वेळही होता, रविवारी मी दुपारभर लोळत असायचो. खरं कारण एवढंच, की दुकानात बाबा चप्पल काढणार. तो पाय स्टुलावर ठेवणार. तिथला माणूस वाकून त्याच्यावर बूट चढवणार, त्याचं नाक वाकडं होणार, आणि मी शेजारी मुलगा म्हणून उभा असणार. हे चित्र मी इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलं होतं की मला त्या न भेटलेल्या माणसाचाही राग यायचा. शेवटी ऑनलाइन, चपलेत ठेवायच्या सिलिकॉनच्या टाचा मागवल्या आणि सुटलो. त्या चपलेत बसेनात, घसरायच्या. बाबांनी त्या धुऊन परत खोक्यात भरून ठेवल्या. तक्रार केली नाही.

बाबा गेले ते एका सकाळी, फिरून आल्यावर, हार्टने. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. घर माणसांनी भरलं आणि कुणीतरी मला सुती दोरा दिला, अंगठे बांधायचे होते. दोन्ही पायांचे अंगठे एकत्र, मुलानेच बांधायचे. मी दोरा घेऊन खाली बसलो. नख माझ्या अगदी समोर होतं. मी दोरा मेव्हण्याच्या हातात दिला, फोन आल्यासारखं केलं आणि गॅलरीत गेलो. फोन कानाला लावून उभा राहिलो. पलीकडे कुणी नव्हतं. मेव्हण्याने बांधले. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला सहन होत नाहीये.

दहाव्याला नदीवर गुरुजींनी तेराव्याच्या दानाचं सांगितलं. अंथरूण, तांब्या, छत्री आणि जोडा. गेलेल्या माणसाला वर्षभर चालायचं असतं, वाट तापलेली आणि काट्याकुट्यांची, म्हणून छत्री आणि जोडा. आमच्याकडे सगळे साध्या चपला देतात. आई ऐकेना.

"चपला नकोत. ते मऊवाले बूट आण. तू घालून बघ, चालून बघ. तुझा नंबर त्यांचाच आहे."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवरून उल्हासनगरला गेलो. नुकतंच मुंडण झालेलं, डोक्यावर टोपी. दुकान अरुंद, दोन्ही भिंतींना छतापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले बूट, आत रबराचा आणि गोंदाचा वास. काउंटरवरच्या सिंधी माणसाने विचारलं, "किसके लिए, साईं?" मी म्हणालो, वडिलांसाठी. तर म्हणाला, मग त्यांना घेऊन यायचं ना, दुसऱ्याच्या पायाने बूट घेत नाहीत. मी म्हणालो, त्यांना चालता येत नाही. यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की चालता येत नाही तर पळायचे बूट कशाला. मग मी चप्पल काढायला वाकलो आणि टोपी पडली. त्याने माझं डोकं बघितलं. टोपी उचलून दिली आणि आवाज खाली घेतला.

मग दोन जोड समोर ठेवले. रंग एकच, शिलाई तीच, बाजूचा नारिंगी पट्टाही तोच. एक असली, एक कॉपी. हसून नाही, अगदी साध्या सुरात म्हणाला, "दान में देना है तो लोग कॉपी ले जाते हैं. पहनना किसको है?" त्याने मला फसवलं नाही. कोणता जोड कोणता, दोनदा सांगितलं.

आधी कॉपी घातली. बाहेरून तळ जाडजूड, पण आत पुठ्ठ्यासारखा. टाच टेकली की थेट फरशी लागायची. मग असली घातले. काय सांगू. पाय आत गेला आणि कुणीतरी खालून अलगद झेलल्यासारखं झालं. टाच आत रुतायची आणि हळूच वर यायची. त्या अरुंद दुकानात मी दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. गुडघ्यांना बरं वाटत होतं. भिंतीला खाली, पायापुरता, तिरका आरसा लावला होता. त्यात मी एक पाय वळवून बघितला, मग दुसरा. पँट किंचित वर ओढली. चांगले दिसत होते. डोकं भादरलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस सुतकात आरशासमोर पाय मुरडून बघत होता, आणि त्या सगळ्या वेळात मला बाबा एकदाही आठवले नाहीत.

मी दोन्ही जोड घेतले. त्याने विचारलं, हा दानाचा, आणि हा? मी म्हणालो, माझा. तो म्हणाला, बरं केलंत, वडिलांची आठवण राहील.

असली जोड स्कूटरच्या डिकीत राहिला, कॉपी घरात गेली. आईने खोकं मांडीवर घेतलं, बूट बाहेर काढला, आत हात घातला आणि टाचेची जागा दाबली. थोडं थांबून पुन्हा दाबली.

"कडक वाटतंय रे."

"नवीन आहेत. चालून चालून मऊ होतात."

तिने मान हलवली. "चालायचं तर आहेच त्यांना. होतील मऊ," म्हणाली, आणि बूट पुसून देवघराजवळ ठेवला.

सुतक फिटेपर्यंत नवीन काही अंगाला लावायचं नसतं, हे मला माहीत होतं. तरी तेराव्याच्या सकाळी सगळे उठायच्या आत मी खाली गेलो, डिकीतून बूट काढून घातले आणि शिरगावातून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलो. का, ते आजही नीट सांगता येत नाही. पायांना आठवण राहिली होती, एवढंच. रस्ता ओला होता, कडेला चिखल. मी जवळजवळ पळालो. छान वाटलं. परत आलो, बूट चिखलासकट डिकीत टाकले आणि अंघोळीला गेलो.

विधी घरीच होते. हॉलमधला सोफा बाहेर काढला होता. गुरुजी माझ्याच वयाचे, मोटरसायकलवरून आलेले. दानाचं सामान मांडलं आणि आई म्हणाली, गुरुजी, बूट जरा घालून बघा. गुरुजींना वाटलं, आजी उगाच म्हणतायत. म्हणाले, "आजी, असले बूट घालून मंत्र म्हटले तर देवाला ओळख पटायची नाही." सगळे हसले. आई हसली नाही. मग त्यांनी पाटावर बसून अनवाणी पायांत बूट चढवले आणि धोतर सावरत हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. मेव्हणा मागून म्हणाला, गुरुजी आता मॅरेथॉनला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आई फक्त त्यांच्या टाचांकडे बघत होती.

"टाचेला लागतात का?" तिने विचारलं.

गुरुजी सरळ माणूस. दोन पावलं अजून टाकली. "जरा लागतात, आजी. खोटं कशाला बोलू."

आई माझ्याकडे वळली. "बदलून आण. गुरुजी थांबतील."

गुरुजी म्हणाले, थांबतो की, अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. दोन मजले खाली डिकीत मऊ बूट होते, पण त्यांच्या तळाला सकाळचा चिखल होता आणि आत माझ्या पायांचा घाम. वापरलेली वस्तू दानाला चालत नाही. आणि धुऊन, पुसून वर आणले असते तरी ते अर्ध्या तासात कुठून आले, हे सांगावं लागलं असतं.

"आज मार्केट बंद असतं," मी म्हणालो.

गुरुजींनी काढलेले बूट आईने पुसून दानाच्या सामानात ठेवले. मग गुरुजींना म्हणाली, चालू द्या. गुरुजींनी माझ्या हातावर पळीने पाणी घातलं. हे आता माझं नाही, असं म्हणून ते सोडायचं असतं. मी म्हटलं आणि सोडलं.

तो असली जोड मी अजून वापरतो. फेकून दिले असं लिहिता आलं असतं. पण ते चांगले आहेत, गुडघे दुखायचे थांबले. घालताना दर वेळी ओकारी आल्यासारखं होतं आणि दहा पावलांत ते जातं. ते जातं, याची मला जास्त किळस येते.

दर महिन्याला बाबांच्या तिथीला आई पान वाढते, आणि पान ठेवून झालं की एकदा तरी विचारते, "आता मऊ झाले असतील ना रे?" मी हो म्हणायचो. पहिल्या महिन्यात हो, दुसऱ्यातही. ती तेवढ्यावर समाधानाने उठायची. ते समाधान बघवेनासं झालं. गेल्या तिथीला दुपारी ती मेथी निवडत बसली होती. तिने विचारलं, आणि मी सांगून टाकलं. दोन जोड, डिकी, चिखल, मार्केट बंद नव्हतं ते. जिन्यातलं बघूसुद्धा, ते का लांबलं तेही.

तिने हात थांबवले नाहीत. देठ एकीकडे, पानं एकीकडे.

"तुला बसले का नीट?"

"हो."

"टाचेला?"

"नाही लागत."

तिने मेथीची पुढची जुडी सोडली. मला वाटलं रडेल, निदान शिव्या देईल. कशाला तरी मी तयार होऊन बसलो होतो.

"त्यांचे पाय तुला कधी आवडलेच नाहीत," ती म्हणाली. "त्यांना कळायचं ते. तू आलास की पाय वर घेऊन लुंगीत झाकून बसायचे. मी विचारलं, थंडी वाजते का? तर म्हणाले, नाही गं, त्याला नको वाटतं."

मला ते लुंगीत घेतलेले पाय दिसले. रोज संध्याकाळी दिसायचे. म्हातारं माणूस, मांडी घालून बसतं, असं मी समजत होतो.

मी म्हणालो, आई, अजून वर्ष व्हायचंय, वर्षश्राद्धाला पुन्हा जोडा देता येतो, मी गुरुजींना विचारतो, चांगले आणतो. ती उठली. मेथीचं ताट घेऊन ओट्यापाशी गेली आणि पाठमोरी म्हणाली, "त्यांचं मी बघते. आणि माझ्या वेळीही तू दुकानात जाऊ नकोस."

त्या आठवड्यात ती शेजारच्या काकूंबरोबर रिक्षाने स्टेशनजवळ जाऊन आली. काकूंनी नंतर बायकोला सांगितलं, की आजींनी दुकानातल्या पोराला अर्धं दुकान खाली काढायला लावलं. प्रत्येक जोड घालून दारापर्यंत चालून बघितला, टाच आपटून बघितली, पोरगं वैतागलं तरी सोडलं नाही. दोन खोकी आणली. एक पुरुषाच्या नंबराचं, एक तिच्या. दोन्ही तिच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. कुठलं कधी काढायचं, ते तिने बायकोला समजावून सांगितलं, झाकणं उघडून, तळ दाबायला लावून. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत होतो. मला हाक मारली नाही.