बोट लागली ती कुणाला

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा सिंगापूरला असलेल्या मुलाने आम्हाला शिडाच्या बोटीवरची सहल भेट दिली. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फुकेटहून निघायचं, सहा दिवस बेटाबेटांतून फिरायचं आणि परत फुकेटला यायचं. बोट लहान, प्रवासी दहाच. मुलाचा फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "मी आधी सगळा अभ्यास करतो. मग तुला सांगतो काय काय करायचं ते."

हे ओझरच्या विमान कारखान्यात छत्तीस वर्षं होते. विमानाच्या चाकांचा आणि ब्रेकचा विभाग. सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. मी टपाल खात्यात, काउंटरवर. माझं माहेर सटाण्याचं. समुद्र मी तोवर दोनदाच पाहिला होता, तोही काठावर उभं राहून. ह्यांचा अनुभव त्याहून फार नव्हता, पण पंधरा दिवस कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी बत्तीस सूचना जमवल्या, टाइप केल्या आणि नाशिकरोडला जाऊन लॅमिनेट करून आणल्या. कागद फ्रिजवर लागला. मी भाजी काढायला फ्रिज उघडला की मागून आवाज यायचा, "अकरावी वाचलीस का?"

सूचना चांगल्या होत्या, हे मी आजही मान्य करते. चाकांच्या कडक बॅगा न्यायच्या नाहीत, कारण केबिनमध्ये त्या ठेवायला जागाच नसते. कापडी बॅग घडी होऊन बाकाखाली जाते. ऊन वरून लागतं तसं पाण्यावरूनही लागतं, म्हणून पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि नाडी असलेली टोपी. चष्म्याला दोरी. गोडं पाणी मोजकं असतं, तेव्हा अंग ओलं करायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा, मगच परत नळ. बोटीवर चालताना एक हात कायम कशाला तरी धरलेला हवा. छोट्या होडीत उतरताना नावाड्याचा पंजा नाही, मनगट धरायचं. आणि बोट लागू नये म्हणून गोळी आदल्या दिवशी झोपताना घ्यायची, परत सकाळी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

फुकेटच्या हॉटेलात ह्यांनी गोळी स्वतः माझ्या हातावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत उभे राहिले.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मला काय होतंय? आयुष्य विमानांत गेलं माझं."

आयुष्य विमानांखाली गेलं होतं.

बोटीत केबिन निवडायची वेळ आली तेव्हा ह्यांनी अगदी पुढची निवडली. ती मोठी होती आणि तिला छताला खिडकी होती. बोट मधोमध सगळ्यात कमी हलते आणि टोकाला सगळ्यात जास्त, हे त्यांच्याच कागदावर लिहिलेलं होतं. मी तसं म्हणताच ते म्हणाले, "अगं, ते मोठ्या जहाजांसाठी."

पहिला दिवस बेटांच्या आडोशाने गेला. पाणी तळ्यासारखं होतं. ह्यांनी बाकीच्या आठ जणांना, जे सगळे परदेशी होते, विमानाचे ब्रेक कसे चालतात ते समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आडोसा संपला, वारा आला, शिडं भरली आणि बोट एका कुशीवर कलून पळायला लागली. अर्ध्या तासात ह्यांचा चेहरा उतरला. एकदम उठले आणि कठड्याकडे गेले. गेले ते नेमके वारा येत होता त्या बाजूला. जे बाहेर पडलं ते सगळं वाऱ्याने परत आणलं, ह्यांच्या शर्टावर आणि शेजारी बसलेल्या एका डच आजीबाईंच्या टॉवेलवर. वाऱ्याकडे पाठ करून ओकावं, ही सूचना क्रमांक अठरा.

आजीबाईंनी उलट आल्याची बिस्किटं काढून दिली. मी टॉवेल आणि शर्ट खाऱ्या पाण्याच्या बादलीत खंगाळले.

बोटीचा कप्तान पन्नाशीतला थाई माणूस होता, ठेंगणा, मोजकं इंग्रजी बोलणारा. त्याने खुणेने सांगितलं की खाली जाऊ नका, इथेच वाऱ्यावर बसा, लांब आभाळ आणि पाणी मिळतं तिथे बघत राहा. पण वर बसलं की सगळ्यांना दिसतं. हे खालीच गेले आणि पुढच्या केबिनमध्ये, जिथे बोट सगळ्यात जास्त आपटत होती, तिथे पालथे पडले. मी उशाशी भांडं घेऊन बसले. एकदा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कुणाला सांगू नकोस हं," ते म्हणाले.

"नाही सांगत."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं, असं ते पहिल्यांदाच होतं.

भांडं धुवायला मी वर आले. वारा जातो त्या बाजूला जाऊन, एका हाताने दोरी धरून, भांडं विसळलं. कप्तान सुकाणूच्या चाकाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तुम्हाला काही नाही?"

मी म्हटलं, "काही नाही." आणि म्हटल्यावर माझ्याच लक्षात आलं की मला खरंच काही होत नव्हतं. भूकसुद्धा लागली होती.

तो चाकापासून बाजूला झाला आणि म्हणाला, "या."

मी भांडं खाली ठेवलं आणि चाक धरलं. आधी मी चाकाकडेच बघत होते. त्याने दूर एका बेटाचं टोक दाखवलं. चाकाकडे नाही, तिकडे बघा. मी जरा जास्तच वळवलं, तशी बोट तिरकी झाली आणि वरचं शीड फडफडायला लागलं. केवढा आवाज. मी अंग चोरून उभी राहिले, आता हा ओरडणार म्हणून. तो ओरडला नाही. नुसता थांबला. चाळीस वर्षांत माझ्या हातून काही चुकलं आणि शेजारचा माणूस गप्प उभा राहिला, असं मला आठवेना.

मग मला कळलं की बोट उशिरा ऐकते. थोडं वळवायचं आणि वाट बघायची. आपण घाई केली की ती बिघडते. हळूहळू पायांच्या तळव्यांना कळायला लागलं की आता लाट उचलणार, आता सोडणार. अनवाणी होते म्हणून कळलं. कप्तान निवांत बसून दोरी गुंडाळत होता. डच आजीबाईंनी एकदा अंगठा वर करून दाखवला. तासभर मी ती बोट चालवली. फोटो कुणी काढला नाही, आणि मलाही ते सुचलं नाही.

खाली जाताना मी जवळजवळ पळत गेले. "अहो, मी बोट चालवली! तासभर! चाकाकडे बघायचं नसतं, लांब बघायचं. बोट उशिरा वळते, माहितीये?" मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट सोडली नाही. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"मी इथे मरतोय," ते म्हणाले, "आणि तू वर मजा मारतेयस."

तिसऱ्या दिवशीही वारा तसाच होता. मी दिवसभर त्या कोंदट केबिनमध्ये बसून राहिले. कप्तानाने दोनदा दारातून वाकून हाताने चाक फिरवल्याची खूण केली. दोन्ही वेळा मी मान हलवून नाही म्हटलं. हे तेव्हा झोपलेले होते. त्यांनी मला बांधून ठेवलं नव्हतं. मी आपण होऊन बसले, आणि त्या दिवसाबद्दल मला ह्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग येतो.

चौथ्या दिवशी आम्ही एका शांत खाडीत नांगर टाकला. शिडं उतरवून बांधली. हे उठले, आंघोळ केली, पोटभर भात जेवले. मग चाकाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एक फोटो काढ गं." मी तीन काढले.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर हे सांगत होते, "मस्त झाली रे. आईला जरा बोट लागली, दोन दिवस पडूनच होती. पण मी होतो." माझ्या हातात झारा होता, तो तसाच राहिला. मला वाटलं, मुलासमोर लाज वाटली असेल, जाऊ दे. शब्द दिला होता मी.

पण शब्द न सांगण्याचा दिला होता. माझ्या नावावर घेण्याचा नाही.

आठवड्यात कॉलनीभर झालं. जॉगिंग ट्रॅकवर बायका विचारायला लागल्या, आता बरं आहे ना? सटाण्याहून बहिणीचा फोन आला, "तुले भलता तरास व्हयना म्हने?" तिला मी खरं काय ते सांगितलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "मंग तू बोलनी का नही?"

महिन्याभराने आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने ह्यांना रविवारी सकाळी बोलायला बोलावलं. बाहेर फळ्यावर खडूने लिहिलं होतं : 'उष्ण प्रदेशातील शिडाच्या बोटीची सहल – काही व्यावहारिक सूचना'. चाळीसेक माणसं होती. मी दुसऱ्या रांगेत बसले. हे चांगलं बोलतात. बॅगा, टोपी, पाणी, मनगट, सगळं क्रमाने आलं. मग पडद्यावर ह्यांचा चाकाशी उभं राहून काढलेला फोटो आला.

"कप्तान म्हणाला, या, चालवा," हे सांगू लागले. "मी तासभर चालवली. गंमत अशी आहे की चाकाकडे बघायचंच नाही. लांबच्या टोकाकडे बघायचं. बोट उशिरा ऐकते. थोडं वळवायचं आणि वाट बघायची."

माझे शब्द होते ते. जसेच्या तसे. भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस सगळं ऐकत होता तर.

"आणि महत्त्वाची सूचना," हे पुढे म्हणाले, "वाऱ्याकडे तोंड करून ओकू नये. आमच्या मिसेसना विचारा." सभागृह हसलं. माना माझ्याकडे वळल्या. मीही हसले, सवयीने.

शेवटी प्रश्न झाले. एक निवृत्त नर्स आहेत आमच्यात, त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही सांगा. एवढं होऊन परत जाल का बोटीवर?"

मी उभी राहिले. उभं राहायचं ठरवलं नव्हतं. म्हटलं, "मला बोट लागलीच नाही. लागली ती ह्यांना. आणि चाक मी धरलं होतं."

मग हे माइकवर हसले. "बघा! अजून डोक्यातलं वारं उतरलेलं नाही." सगळं सभागृह खदखदून हसलं. मंडळाचे सचिव म्हणाले, वहिनी विनोदी आहेत हं. आभार झाले. बटाटेवडे आले. बायका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, बरी फिरकी घेतलीत. त्या नर्सबाई मात्र जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "असू दे हो. उलटी कुणालाही होते."

घरी आल्यावर ह्यांनी चप्पल काढता काढताच सुरुवात केली. "चारचौघांत शोभा केलीस माझी."

"आणि तुम्ही माझी?"

"तुझं काय गेलं त्यात? बायकांना होतोच त्रास, कुणी नावं ठेवतं का?"

"तो तास माझा होता," मी म्हटलं. "तेवढाच होता. तोसुद्धा तुम्ही घेतलात."

"कसला तास?"

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. ते चिडलेले होते, पण विचारत होते ते खरंच विचारत होते. त्यांच्या चेहऱ्यावर लपवल्याची काही खूण नव्हती. तेव्हा मला कळलं की हा माणूस आता खोटं बोलत नाही. इतक्या वेळा सांगून त्याला तसंच आठवायला लागलंय. खोटारड्याशी निदान भांडता तरी येतं.

मुलाला मी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, जाऊ दे ना. बाबांचं वय झालंय." ह्यांच्यात आणि माझ्यात दोन वर्षांचं अंतर आहे.

या हिवाळ्यात कॉलनीतलं एक जोडपं तशाच एका बोटीवर गेलं. निघायच्या आधी दोघं आमच्याकडे आली. बाहेर ह्यांनी नवऱ्याला बत्तीस सूचना समजावल्या. मी बायकोला आत बोलावलं आणि चहा उकळेपर्यंत माझ्या तीनच सांगितल्या. केबिन मधली घ्या. गोळी दोघांनीही घ्या, ते नको म्हणाले तरी. आणि कुणी चाक दिलं तर धरा, आणि दुसऱ्या कुणाला तरी फोटो काढायला लावा. ती हो हो करत कपबशा मांडत होती. तिने मला खरं काय झालं ते विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सांगून बघितलं होतं.

परत आल्यावर ती भेटवस्तू घेऊन आली, शंखांची माळ. चेहरा उन्हाने रापलेला होता. माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, गोळी घेतली म्हणून वाचले मी. नाहीतर माझंही तुमच्यासारखंच झालं असतं."

"चाक धरलंत का?" मी विचारलं.

"छे, ते ह्यांनी धरलं. मी फोटो काढले."