मिस्त्री आणि गाडीचे पंख

मिस्त्री गाडी डोळ्यांनी तपासतच नसत. डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवत आणि मध्येच थांबून म्हणत, "इथं कधीतरी ठोकली आहे." आम्हाला तिथे काही म्हणजे काही दिसत नसे. नागपूरच्या गोळीबार चौकाजवळच्या विणकराच्या घरात ते वाढले. कापडावर हात फिरवून तुटलेला धागा शोधायची सवय घरचा माग बंद पडल्यावर त्यांनी गाड्यांच्या पत्र्यावर आणली.

माझे वडील वकील. कन्हानकडच्या एका खाणीचा मॅनेजर गाव सोडून निघाला, तेव्हा त्यांनी त्याची अमेरिकन गाडी घेतली. आकाशी रंगाची, बैठकीएवढी ऐसपैस, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख उभारलेले. काम असो नसो, मिस्त्री रविवारी धंतोलीतल्या आमच्या घरी येत आणि ते पंख स्वतः पुसत. वडील अंगणात खुर्ची टाकून बसत.

"साहेब, ज्यानं हे पंख लावले, त्याले काय माहीत नव्हतं गाडी उडत नाही म्हणून? तरी लावले ना!" मिस्त्री म्हणत, आणि वडील दर रविवारी नव्याने हसत.

एकदा कोळशाच्या ट्रकने उजवा पंख चेपला. मिस्त्रींनी आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. वडिलांनी घाई केली तर म्हणाले, "दुखून राहिलं असंल तिले. हळूच करू द्या."

वडील गेले तेव्हा मी तिशीत होतो. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या मेहुण्याने त्याच्या नव्या गाडीचा फोटो पाठवला. नाव आमच्याच गाडीचं, पण रूप अगदी निराळं. चौकोनी, सपाट, नीटस. मला ती फार आवडली. माझे मित्र आमच्या गाडीला वरातीची गाडी म्हणत आणि मला तिच्यातून उतरायची लाज वाटू लागली होती.

मिस्त्रींनी फोटो लांब धरून पाहिला. "हे तर खोकं आहे. नाव तेच काहून ठेवलं गा यानं?"

"आपली गाडी अशी करायची. पंख कापा."

त्यांनी फोटो परत दिला. "दुसरा मिस्त्री पहा, भाऊ."

त्यांच्यासारखा हात नागपुरात दुसरा नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "बाबांचीच इच्छा होती. आजारपणात बोलले होते."

"साहेब म्हणाले?"

"हो."

चार दिवसांत त्यांनी पंख कापून दिले. गाडी ना नवी दिसली ना जुनी. वर्षभरात मी ती विकून टाकली.

वडिलांच्या तिथीला मिस्त्री न चुकता जेवायला येत, ते यायचे थांबले. आईने निरोप धाडले. उत्तर एकच, तब्येत बरी नाही. मग इतवारीच्या बाजारात त्यांची बायको भेटली. "तब्येतीले काय झालं? साहेबाचं नाव काढलं का उठून जाते हा माणूस. म्हणते, माह्यासमोर पंखाचं कौतुक करे आन् पोराले कापाले सांगून गेले."

हे ऐकूनही त्यांच्याकडे जायला मला आणखी पाच वर्षं लागली. दुकानात ते एकटेच होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, "मिस्त्री, बाबा तसं बोलले नव्हते. मी खोटं बोललो."

हातोडी थांबली. ते म्हणाले, "सात वर्षं झाले, मी साहेबाले मनातल्या मनात वाईटसाईट बोलून राहिलो." मला मात्र ते काहीच बोलले नाहीत. काहून, एवढंसुद्धा विचारलं नाही.

त्या वर्षी तिथीला ते आले. वडिलांच्या फोटोसमोर हात जोडून इतका वेळ उभे राहिले, की पानं मांडून झाली तरी त्यांना हाक मारायचा कुणाला धीर होईना. जेवण झाल्यावर आई म्हणाली, "फार वर्षांनी आलात."

"चुकलं, वहिनी. साहेबाची माफी मागाले आलो."

"त्यांची कसली माफी?"

मिस्त्रींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "आहे काही जुनं. त्यांचं नि माझं," ते म्हणाले आणि चपला घालू लागले.

मी वाढण्याचं भांडं हातात धरून दाराशी उभा होतो. आई माझ्यासमोर, ते माझ्यासमोर. तेव्हाही आईला खरं न सांगताच मी भांडं घेऊन आत वळलो.