शेवटच्या घराची लाईट

गल्लीतली लाईट गेली म्हणजे रस्त्यात पडलेली तारही मेली, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. तरी आम्ही ते धरून चाललो होतो, आणि त्यापायी माझा भाऊ जाता जाता राहिला. तो कसा राहिला, ते इथे लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भूत, करणी, अंगात येणं यातलं काहीही मी मानत नाही. आजही नाही. वडील बुवाबाजीविरुद्धची पत्रकं छापून आणायचे, त्यांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अभ्यास केलाय. औंढ्याच्या यात्रेत ती वाटताना शिव्याही खाल्ल्यात. त्यामुळे 'आली शेवटी ताळ्यावर' असं म्हणायची घाई कुणी करू नये.

आमचं गाव गोरेगाव, तालुका सेनगाव. बाजाराच्या मागे आमची गल्ली. एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला गोठे, आणि गल्ली संपली की थेट शेतं. टोकाचं घर गेली काही वर्षं कुलूपबंद आहे. माणसं कामाला पुण्याकडे गेली. बिल कशाला भरायचं म्हणून मीटरही काढून घेतलेलं.

आमच्याकडे लाईट गेली की आधी कुणी मेणबत्ती शोधत नाही. बाया दारात येतात आणि हाळी देतात — "गेली का वं तुमची?" शेजारीण म्हणते, "गेली वं माय!" आणि तीच पुढच्या घराला विचारते. हाळी अशी गल्लीच्या टोकापर्यंत जाते. सगळ्यांची गेली असेल तर बिघाड मोठा, आपलीच गेली असेल तर आपला फ्यूज. लहानपणापासून हेच आमचं टेस्टर.

मे संपत आला होता. चहाच्या वेळेला वावटळ उठली, मग गारा. समोरच्या गोठ्याचे पत्रे उडाले आणि लाईट गेली. पाऊस थांबल्यावर आम्ही बाहेर आलो, तर खांबावरची एक तार तुटून रस्त्यावर पडलेली. एक टोक वर लटकलेलं, दुसरं चिखलात.

"लेकरं येतील आता ट्यूशनवरून," दादा म्हणाला. "पायात येईल कोणाच्या. बाजूला करतो."

"संत्या, हात नको लावू," आई म्हणाली.

"माय, लाईटच न्हाई तं काय होतंय?"

मी म्हटलं, "दादा, सबस्टेशनला फोन कर आधी."

"तू पत्रक वाच तुझं," दादा हसला. "तवर मी रस्ता मोकळा करतो."

शेजारच्या गोदाकाकू दारातच होत्या. "थांब रे, ईचारून घेते," म्हणाल्या आणि त्यांनी हाळी दिली. "गेली का वं तुमची?"

पलीकडून उत्तर आलं — गेली. त्याच्या पलीकडून — आमची बी गेली. बाजाराच्या बाजूनेही तेच. काकूंनी दादाकडे पाहून मान हलवली. "साऱ्यांयची गेली. उचल बिनघोर."

दादाने हाताला बारदाना गुंडाळला. तोही ओलाच. चपला चिखलात रुतल्या म्हणून त्याने त्या काढल्या, आणि तो वाकला.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आवाज आला.

"आमची हाय."

बाईचा आवाज. घाबरलेला नाही, घोगरा नाही... कामात असलेल्या बाईला दुसऱ्यांदा विचारलं की ती जरा वैतागून सांगते, तसा. आईने ऐकला, काकूंनी ऐकला, दादाने ऐकला, मी ऐकला. आमच्या गल्लीत शिंक कुणाची तेसुद्धा ओळखू येतं. हा आवाज कुणालाच ओळखू आला नाही.

दादा वाकलेलाच थांबला. "हाय म्हनते तं... मंग लाईन चालूच आसंल ना?"

तो मागे सरकला. तेव्हा कुठे आम्ही त्या तारेकडे नीट पाहिलं. ती जिथे चिखलाला टेकली होती, तिथून बारीक वाफ निघत होती. गारा पडल्यावर जमीन वाफाळते, तशीच ही असेल असं आम्ही धरलं होतं. पण वाफ तेवढ्याच जागी होती. आणि कान दिला तर बारीक आवाजही येत होता — तव्यावर थेंब पडल्यासारखा.

काकू हळूच बोलल्या, "त्या टोकाच्या घरात तं कोनीच न्हाई..."

लेकरं बाजाराकडून येताना दिसली. आई कधी नव्हे ती किंचाळली, "तिकडंच थांबा रे! एक पाऊल पुढं टाकू नका!" दादा गोठ्यांच्या मागून वळसा घालून धावला आणि दोन्ही हात पसरून त्यांच्यासमोर उभा राहिला. मी सबस्टेशनला फोन लावला.

लाईनमन आला तो लांबूनच ओरडत. "सरका मागं! चालू हाय ती!" तो आधी गल्लीच्या टोकाला, शेताच्या कडेला असलेल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, जाऊन आला होता. तिथे एकच फ्यूज उडालेला. त्याने सबस्टेशनला सांगून अख्खी लाईन बंद केली, मगच तारेजवळ गेला. काम झाल्यावर त्याने दादाला झाप झाप झापलं आणि मग समजावलं — तुमच्या साऱ्या गल्लीची कनेक्शनं एका तारेवर आहेत, तिचा फ्यूज गेला. पडली ती दुसरी. ती शेतातल्या मोटारींची.

"म्हंजे तिच्यावर इथलं कोनाचंच घर न्हाई?" दादाने विचारलं.

"एक होतं. त्या टोकाच्या घराचं. पण त्यायचं मीटर तं मीच काढून नेलं." मग आमच्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "काहून? काय झालं?"

म्हणजे त्या घडीला अख्ख्या गल्लीत 'आमची हाय' असं खरं सांगू शकणारं एकच घर होतं.

मी तशीच तिकडे गेले. कुलूप गंजलेलं, तसंच लटकलेलं. उंबऱ्यापुढे पावसाने सपाट झालेला चिखल, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मागे नांगरून टाकलेली शेतं, माणूस नाही. दुसऱ्या दिवशी दादाला तिथून आणि शेतातून हाळ्या द्यायला लावल्या — प्रतिध्वनी असेल, वाऱ्याने लांबचा आवाज आणला असेल. काही जुळलं नाही. घरमालकाला फोन केला. किल्ली त्यांच्याचकडे, गावाला कुणी आलेलं नाही. आम्हा चौघांना एकदमच भास झाला म्हणावं, तर चौघांनी तेच शब्द, त्याच बाजूने ऐकले होते. आणि भासाला कोणती तार चालू आहे, हे कसं कळलं?

मला माहीत नाही. हे तीन शब्द लिहायला मला फार जड जातंय, पण खोटं लिहिणार नाही.

आठवड्याच्या आत काकूंनी त्या कुलपाला हळदकुंकू लावलं. नारळ घेऊन निघाल्या, तेव्हा मी आडवी आले.

"मास्तरीणबाई, तुझा भाऊ वाचला तिच्यानं," त्या म्हणाल्या. मी शिकवायला लागले की त्या मला असंच म्हणतात.

"वाचला ना काकू. पण उद्या इथे शेंदराचा दगड बसेल, परवा पुजारी येईल. आणि तार पडली की लोक आवाजाची वाट बघत बसतील. आवाज नाही आला तर उचलतील!"

काकूंनी नारळ पदराखाली घेतला. म्हणाल्या, "मंग तिचं देणं फेडावं तं कसं?"

हा अनुभव इथे टाकावा की नाही, यावर घरात भांडण झालं. काकूंच्या त्या प्रश्नासाठी टाकतेय. वाचणाऱ्यांनी नारळ फोडू नये. वादळानंतर तार पडलेली दिसली, तर गल्लीत अंधार असला तरी ती चालूच आहे असं समजा. काठीने नको, बारदान्याने नको, आसपासच्या ओल्या जमिनीवर पायसुद्धा नको. सबस्टेशनला फोन करा, आणि लाईनमन येईपर्यंत लांब उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवा. लोक हसतील, 'लाईट तं साऱ्यांयची गेली' म्हणतील. तरी हटू नका. आम्हाला त्या दिवशी कुणीतरी सांगितलं. तुमच्या गल्लीत तसं कुणी सांगेलच, याची खात्री मी देऊ शकत नाही... म्हणून तुम्हीच सांगा.