टोपीवाल्याचं माप

मुंबईत मी गुन्हेगारीशास्त्र शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. चोराची कवटीच वेगळी, असं आमचं विलायती पुस्तक सांगायचं. म्हणून सुट्टीत शिंप्याची टेप घेऊन मी धसईच्या बाजारात डोकी मोजायला गेलो. तिथे एक टोपीवाला दोरीनं तेच करत होता. गाठ मारताना दोरी दातांत धरून हसायचा. त्याला मी पुस्तकातलं सगळं समजावलं.

“फौजदाराला टोपी मीच दिली, चोरालापन मीच,” तो म्हणाला. “माप येकच. तुमचंपन काय येगलं नाय, सायेब.”

असं म्हणत त्यानं मला टोपी घातली आणि पैसे घेतले. परतताना मुरबाडला पोचलो, तर आतला कागदाचा बोळा गळून पडला आणि टोपी नाकावर आली. आयुष्यात भेटलेला पहिला गुन्हेगार, आणि नेमकं त्याचंच डोकं मोजायचं राहिलं!